पाणी उचलण्याची स्पर्धा आणि तिचे चार पानी नियम



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘विद्यार्थ्यांच्या पाणी-उचल यंत्र स्पर्धेचे नियम’ असा छापलेला आहे आणि तरीही एवढी मंडळी आली आहेत, याचं आम्हाला खरंच आश्चर्य वाटतंय. नियम ऐकायला कोण येतं? मॅच बघायला गर्दी होते, पायचीतचा नियम वाचायला कुणी जात नाही. भांडण झालं की मात्र सगळेच नियम काढून बसतात. आमचंही तेच झालं. आमचे नियम भांडणांतून तयार झालेत, त्यामुळे आज थोडी भांडणंही सांगावी लागतील.

आम्ही म्हणजे चौघे जण. तिघे मेकॅनिकलला शिकवणारे, एक सिव्हिलचे. रायगडच्या किनारपट्टीवरच्या पदविका आणि पदवीच्या मुलांसाठी गेली तीन वर्षं आम्ही ही छोटीशी स्पर्धा घेतो. काम एकच आहे. खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत न्यायचं, फक्त माणसाच्या ताकदीवर. मोटर नाही, बॅटरी नाही, इंजिन नाही. वेळ दहा मिनिटं. पहिल्या वर्षी नियमांचं पत्रक एक पानाचं होतं, आज ते चार पानांचं आहे. एका पानाची चार पानं कशी झाली, ते सांगायचं आहे.

पण त्याआधी, हेच काम का निवडलं? रोबो का नाही, ड्रोन का नाही? मुलांनी आम्हाला हे विचारलंच. उत्तर सोपं आहे. इथून नागाव, चौल, रेवदंड्याच्या बाजूला जा. नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. या पट्ट्याला अष्टागर म्हणतात, आणि आगर म्हटलं की विहीर आलीच. पोफळीला उन्हाळ्यात पाणी नाही दिलं तर ती तग धरत नाही. म्हणजे इथल्या माणसानं पिढ्यान्‌पिढ्या पाणी खालून वर आणण्याचंच काम केलंय. त्यासाठी त्याच्याकडे रहाट होता.

रहाट आता पाहिलेली मंडळी सभागृहात किती आहेत? ... बरेच हात वर झाले, पण सगळे पांढऱ्या केसांचे आहेत. तरुणांसाठी सांगतो. विहिरीच्या तोंडावर एक मोठं उभं लाकडी चाक. त्यावरून दोरांची माळ खाली पाण्यापर्यंत सोडलेली आणि त्या माळेला ओळीनं मडकी किंवा पुढच्या काळात पत्र्याचे डबे बांधलेले. बाजूला आडवं दातेरी चाक, त्याला लांब दांडा, दांड्याला बैल नाहीतर रेडा. जनावर गोल फिरतं, आडव्या चाकाचे दाते उभ्या चाकाला फिरवतात, माळ वर येते, मडकी माथ्यावर उलटी होऊन डोणीत पाणी ओततात आणि रिकामी खाली जातात. डोणीतून पाणी पाटात, पाटातून झाडांच्या आळ्यांत. जिथे वाडी लहान आणि जनावर परवडत नाही, तिथे माणूसच पायानं चाक फिरवी, त्याला पायरहाट म्हणत. आमच्या स्पर्धेतलं यंत्र म्हणजे नियमांच्या भाषेत पायरहाटच आहे. ‘रहाटगाडगं’ हा शब्द आपण रोज संसाराबद्दल वापरतो, पण ते गाडगं कुठून आलं हे आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना ठाऊक नव्हतं. घाटावर मोट होती, चामड्याची. बैल उतारावरून खाली जात आणि मोट वर येई. आपल्याकडे रहाट. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं गणित, कारण नियम गणिताशिवाय लिहिता येत नाहीत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ते एक मीटर वर न्यायला ९.८ ज्यूल ऊर्जा लागते. धडधाकट माणूस बराच वेळ टिकेल अशा बेतानं काम करतो तेव्हा साधारण ७५ वॅट देतो, म्हणजे सेकंदाला ७५ ज्यूल. दहा मिनिटांचे झाले ४५,००० ज्यूल. आमची वरची टाकी तीन मीटरवर आहे, म्हणजे दर लिटरला २९.४ ज्यूल. भागाकार करा, १,५३० लिटर येतात. हे देवाघरचं यंत्र झालं, ज्यात काहीच वाया जात नाही. प्रत्यक्षात घर्षण आहे, गळती आहे, पाणी उगाच हवा तेवढ्यापेक्षा वर चढवून सोडणं आहे. मुलांच्या यंत्रांची कार्यक्षमता वीस ते तीस टक्के निघते. तेव्हा तीनशे ते साडेचारशे लिटर वर आले तर समजायचं की बरं काम झालं. दहा मिनिटांत हजार लिटर काढले असं कुणी सांगितलं, तर कुठेतरी तारेतून वीज येतेय का ते बघायचं.

तर पहिलं वर्ष. एक पानाचं पत्रक. गुण कशावर? आम्ही फार विचार करून लिहिलं होतं: वर गेलेले लिटर भागिले यंत्राचं वजन. हलकं यंत्र चांगलं, शेतकऱ्याला उचलून नेता यावं, असा आमचा शुद्ध हेतू. पहिला संघ आला आठ किलोचा पिस्टन-पंप घेऊन. दुसरा सायकलचा सांगाडा घेऊन, वीस किलो. तिसरा संघ आला हातात प्लॅस्टिकचा मग घेऊन. न्हाणीघरातला मग. त्या पोरानं शिडी लावली, मग भरला, वर चढला, ओतला, खाली आला. दहा मिनिटांत बारा-पंधरा लिटर. मगाचं वजन पन्नास ग्रॅम. करा भागाकार. (हशा)

आम्ही हसलो, मग गप्प बसलो. कारण त्यानं नियम मोडलेलाच नव्हता. शिडी यंत्रात धरायची का? पत्रकात लिहिलेलं नव्हतं. शिडी कॉलेजची होती. त्याला बक्षीस द्यावंच लागलं, आणि आमच्या मते ते योग्यच होतं. ज्याला भागाकाराची गोम कळली तोही अभियंताच. पण आम्हाला त्यातून एक गोष्ट पक्की कळली. दोन गोष्टींचं गुणोत्तर काढून गुण द्यायचे आणि खालचा आकडा स्पर्धकाच्या हातात ठेवायचा, तर तो आकडा शून्याकडे नेण्याचीच स्पर्धा होते. दुसऱ्या वर्षापासून वजनावर फक्त मर्यादा आहे, २५ किलो. तिच्या आत असाल तर प्रश्न नाही, बाहेर असाल तर यंत्र आत येणार नाही. आणि आणखी एक वाक्य: पाण्याला आणि पाणी धरणाऱ्या भांड्याला चालकाचा हात लागता कामा नये.

हा प्रकार काही आमच्यापुरताच नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला कॉर्नवॉल नावाचा भाग आहे, तिथे तांब्या-कथलाच्या खोल खाणी होत्या. खाणीत पाणी भरे, ते उपसायला वाफेची इंजिनं. कोळसा बाहेरून समुद्रमार्गे आणावा लागे, म्हणून महाग. तेव्हा इंजिनांची तुलना करायला त्यांनी एक माप ठरवलं. एक बुशेल कोळसा जाळून किती पौंड पाणी एक फूट वर गेलं? त्या आकड्याला ते ‘ड्यूटी’ म्हणत. १८११ पासून जोएल लीन नावाच्या गृहस्थानं कुठल्या खाणीचं इंजिन किती ड्यूटी देतं याचे मासिक अहवाल काढायला सुरुवात केली. म्हणजे विचार करा, दर महिन्याला निकाल छापून येणारी स्पर्धाच. आणि ती चुरशीनं चालली. त्याआधी, अठराव्या शतकात, जॉन स्मीटननं सुधारलेली उत्तमातली उत्तम जुनी इंजिनंसुद्धा एक कोटीच्या आत होती. १८३५ मध्ये फोवी कन्सोल्स या खाणीतल्या ऑस्टिन यांच्या इंजिनाचा आकडा निघाला साडेबारा कोटी.

लोकांनी शंका काढल्याच. आणि शंका काढायला जागा होती. ड्यूटी काढताना वर आलेलं पाणी कुणी मोजत नसे. पंपाच्या नळाचा व्यास, दट्ट्याची धाव आणि एकूण किती ठोके पडले, यांचा गुणाकार करत. ठोके मोजणारं यंत्र कुलपात असे, त्याला कुणी हात लावू शकत नव्हतं. ठोका चोरता येत नव्हता, हे खरं. पण पंपाची झडप गळत असेल तर? अर्धा ठोका पाणी आणि अर्धा हवा असेल तर? ते हिशेबात येतच नव्हतं. शिवाय बुशेल हे मुळात आकारमानाचं माप, पायलीसारखं. कोळसा ओला आहे की सुका, शिगोशिग भरलाय की सपाट, यावर आकडा हलणार. म्हणून पुढे तो ९४ पौंड वजनाचा धरू लागले. म्हणजे कॉर्नवॉलवाल्यांनीही पहिलं पान लिहिलं आणि नंतर दुरुस्त्या केल्या. तरी आमचं मत असं की नियम इतके कच्चे असूनही त्या अहवालांनी इंजिनं सुधारली. लोक एकमेकांचं बघत होते, एवढंही पुष्कळ होतं.

आम्ही त्यातून घेतलं ते एवढंच: मोजायचं ते वर पोचलेलं पाणी. पेडलचे फेरे नाही, पंपाची क्षमता नाही. वरच्या टाकीत जे आहे तेच. सांडलेलं गेलं.

उंचीचंही असंच एक भांडण झालं. पाणी काढत गेलं की खालच्या टाकीतली पातळी उतरते. आमच्या टाकीत साडेनऊ लिटर काढले की सुमारे एक सेंटिमीटर. चारशे लिटर काढणाऱ्या संघासाठी शेवटचं पाणी सुरुवातीपेक्षा चाळीस सेंटिमीटर जास्त उंचीवरून ओढावं लागतं. म्हणजे जो जास्त काढतो त्यालाच जास्त कष्ट, आणि आमचा हिशेब सगळ्यांना एकच तीन मीटर लावत होता. एका मुलीनं हे फळ्यावर मांडून दाखवलं. आम्ही चौघांनी ते आधी पाहायला हवं होतं. आता सुरुवातीची आणि शेवटची पातळी मोजून सरासरी उंची घेतो.

आता मुख्य गोष्ट. आम्हाला वाटलं होतं, वजन गेलं, उंची सुधारली, मोजणी पक्की झाली, आता नियम झाले. पहिल्याच वर्षी बक्षीस समारंभानंतर एक बागायतदार काका थांबले होते. जवळच्याच गावातले, वय सत्तरीच्या पुढे. सगळी यंत्रं नीट पाहिली त्यांनी. दट्ट्याच्या पंपाचं कौतुक केलं. मग म्हणाले, “पोरांनी पाणी भराभर काढलं, चांगलं केलं. पण पाणी खारं झालं तर गुण कापता का?”

आम्हाला प्रश्नच कळला नाही. टाकीतलं पाणी नळाचं, ते कसं खारं होणार?

ते म्हणाले, “तुमच्या टाकीत नाही हो. आमच्या विहिरीत.”

मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्यातल्या सिव्हिलच्या सरांना पुस्तकातून माहीत होतं, पण स्पर्धेशी जोडून त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. समुद्राजवळच्या जमिनीत गोडं पाणी असतं ते पावसाचं मुरलेलं. त्याच्या खाली, वाळू-मातीच्या फटींतून आत शिरलेलं समुद्राचं खारं पाणी. दोन्ही एकमेकांत पटकन मिसळत नाहीत. गोडं हलकं, म्हणून ते खाऱ्यावर तरंगतं. फरक किती? गोडं पाणी घनमीटरला हजार किलो, समुद्राचं १,०२५. फरक पंचवीसचा. हजाराला पंचवीसनं भागा, चाळीस आले. म्हणजे गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस मीटर खोल गोड्या पाण्याचा थर उभा राहू शकतो. पाण्यावरच्या हिमनगासारखं, वर थोडं, खाली पुष्कळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडोन घायबेन या डच अभियंत्यानं आणि १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन अभियंत्यानं हे स्वतंत्रपणे मांडलं, म्हणून त्या दोघांचं नाव त्या नियमाला आहे.

ऐकायला छान वाटतं, एक मीटरवर चाळीस मीटर. पण हाच हिशेब उलटा करा. उपसा करून तुम्ही गोड्याची पातळी दहा सेंटिमीटरनं कायमची खाली आणलीत, तर खाऱ्याची सीमा सावकाश चार मीटर वर येते. आणि नेमकं उपसा चालतो त्या विहिरीच्या खाली ती शंकूसारखी वर चढते, कारण ओढ तिथेच असते. एकदा वाडीच्या विहिरीत खारं आलं की ते परत घालवायला पाऊसच लागतो, आणि एक पावसाळा पुरेलच असं नाही.

आता रहाट आठवा. माळेची मडकी पाण्याच्या वरच्या थरात बुडतात आणि तिथलंच पाणी घेऊन येतात. रेडा दमतो, दुपारी सोडावाच लागतो. तेवढ्या वेळात विहिरीला झरे भरून काढतात. रहाटाला कुणी सांगितलं नव्हतं की खारं पाणी उचलू नकोस. त्याची ताकदच तेवढी होती आणि तोंड वरच होतं. मग वीज आली, पंप आले. एक अश्वशक्तीचा पंप घ्या, म्हणजे ७४६ वॅट. चाळीस टक्के कार्यक्षमता धरली आणि पाच मीटर उचल, तर मिनिटाला साडेतीनशे लिटरच्या वर पाणी येतं, तासाला जवळजवळ बावीस हजार. तेवढ्याच कार्यक्षमतेच्या यंत्रावर आपला ७५ वॅटचा माणूस त्याच्या एक दशांश काढतो. शिवाय पंपाची फूटव्हॉल्व्ह तळाशी सोडलेली, म्हणजे नेमकी खाऱ्याच्या जवळ. आणि पंप दमत नाही. रात्री बटण दाबून झोपलं तरी चालतं.

गैरसमज नको. पंप नको, रहाट परत आणा, असं आम्ही म्हणत नाही. रेड्यामागे दिवसभर फिरणारं पोरगं शाळेत जात नव्हतं, हे काकांनीच सांगितलं. ते पोरगं ते स्वतः होते. पण आमच्या स्पर्धेचे नियम काय शिकवत होते? जास्तीत जास्त लिटर, कमीत कमी वेळात. म्हणजे आम्ही इथल्या मुलांना नेमकं तेच बक्षीस देऊन शिकवत होतो, ज्यानं इथल्या विहिरी बिघडतात. हे लक्षात आल्यावर आम्हाला त्या रात्री जरा कसंनुसंच झालं.

तर दुसऱ्या वर्षी टाकी बदलली. टाकी तीच, हजार लिटरची काळी. तिच्यात आधी ४०० लिटर खारं पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून चारशे लिटरला १४ किलो खडे मीठ. ते आदल्या दिवशी ढवळून विरघळवायचं. मग त्यावर ६०० लिटर गोडं. हे ओतणं ही एक कलाच आहे. वरून पाइप सोडला तर सगळं एकजीव होतं, आमचं पहिल्यांदा तेच झालं आणि १४ किलो मीठ गटारात गेलं. मग युक्ती सापडली. पाण्यावर एक लाकडी फळी तरंगत ठेवायची आणि गोडं पाणी बारीक धारेनं त्या फळीवर सोडायचं. ते आडवं पसरतं, खाली घुसत नाही. दीड-दोन तास लागतात, घाई केलीत तर फुकट.

ही टाकी म्हणजे विहीर नव्हे, हे मुलांना आम्ही आधीच सांगतो. टाकीत चाळीसपटीचा खेळ होत नाही, कारण बाजूला समुद्र नाही, दाब द्यायला जमीन नाही. इथे खारं वर येतं ते दोनच कारणांनी: तुम्ही तोंड फार खाली नेलंत म्हणून, किंवा पाणी ढवळलंत म्हणून. तेवढंही शिकायला पुरतं. टाकी काळी, त्यामुळे सीमा दिसत नाही. विहिरीतही दिसत नाही.

गुण असे. वर गेलेले लिटर गुणिले सरासरी उंची, हा कामाचा आकडा. मग वरची टाकी ढवळून नमुना घ्यायचा आणि खिशातल्या टीडीएस मीटरनं क्षार मोजायचे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,०००. झाडाचं मानक वेगळं, पण मुलांच्या ओळखीचे आकडे म्हणून आम्ही हेच घेतले. पाचशेपर्यंत कामाचा पूर्ण आकडा तुमचा. पुढे तो सरळ रेषेत कमी होत जातो. दोन हजारांच्या वर शून्य. आमचं नळाचं पाणी दीडशेच्या आसपास असतं. त्यात शंभराला एक लिटर खारं मिसळलं की पाचशे होतात. पाच लिटरच्या थोडं वर मिसळलं की खेळ संपला. मुलांना हे आधी फार कडक वाटलं. घरी एक लिटर बाटलीत दोन चमचे... नाही, दोन चमचे फार झाले, दोन चिमट्या मीठ टाकून चव बघा म्हटलं, मग पटलं.

त्या वर्षी काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. आदल्या वर्षीचा पिस्टन-पंपवाला संघ परत आला होता, पंप आणखी सुधारून. त्यांनी तोंड वर घेतलं होतं, पातळीच्या एक फूट खाली. पण पातळी उतरत गेली, तोंड उघडं पडायला लागलं, पंप हवा ओढायला लागला, तेव्हा घाईत त्यांनी पाइप खाली दाबला. साडेचारशेच्या वर लिटर काढले. टाळ्या पडल्या. मग मीटर घातलं आणि शून्य.

दुसऱ्या एका संघानं चक्क रहाट केला होता, प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून, सायकलच्या साखळीवर. आम्हा चौघांचंही मन त्यांच्याकडे होतं, लपवून काय उपयोग. पण त्यांची माळ लांब झाली होती. खालच्या बाटल्या खाऱ्यात फिरत होत्या, प्रत्येक बाटली आत शिरताना आणि बाहेर पडताना पाणी घुसळत होती, आणि माथ्यावर निम्मं पाणी परत विहिरीत सांडत होतं. जुनं आहे म्हणून आपोआप शहाणं नसतं. वाडीतला रहाट चालवणारा माणूस पाणी उतरेल तशी माळ बघत असे, ते ज्ञान लाकडात नव्हतं, माणसात होतं.

जिंकल्या त्या पदविकेच्या तीन मुली. त्यांचा पंप साधा, डायफ्रामचा, टायरच्या ट्यूबचा तुकडा वापरून केलेला. पण त्यांनी पाइपचं तोंड फ्लशच्या टाकीतल्या प्लॅस्टिकच्या चेंडूला बांधलं होतं. पातळी उतरेल तसा चेंडू उतरतो, तोंड कायम पाण्याच्या चार बोटं खाली. शिवाय तोंडावर एक आडवी चकती, म्हणजे पाणी बाजूनं येतं, खालून ओढलं जात नाही आणि वर भोवराही होत नाही. तीनशे लिटरच्या जरा वर काढले, आणि क्षार पाचशेच्या आत. आम्ही विचारलं, अजून जोरात का नाही मारलं? म्हणाल्या, जोरात मारलं की चेंडू नाचतो.

निकालावर अर्थातच भांडण झालं. पिस्टनवाल्यांचं म्हणणं, “सर, खऱ्या विहिरीत कोण शून्य देतं?” काका तिथेच होते. ते म्हणाले, “नारळ एक वेळ खपवून घेईल. पोफळ नाही घेत.” त्यावर मुलं गप्प झाली. पुढल्या वर्षी तोच संघ चेंडू लावून आला, हे सांगायला हवं.

बाकीचे नियम झटपट सांगतो. यंत्र चालवणारा संघातला नसेल. चिठ्ठ्या टाकून दुसऱ्या संघातला माणूस येईल, त्याला समजावायला दोन मिनिटं मिळतील. हा नियम आम्हाला सर्वांत प्रिय आहे. यानं आडदांड मुलाला पेडलवर बसवून जिंकणं बंद झालं, आणि जे यंत्र फक्त बनवणाऱ्यालाच चालवता येतं ते घरी राहिलं. साठवलेली ऊर्जा चालणार नाही. स्प्रिंग ताणून, वजन वर टांगून, हवेचा दाब भरून यायचं नाही. घंटा वाजते तेव्हा यंत्र निश्चल हवं. पंपात आधी पाणी भरून हवा काढायची असेल तर काढा, पण ते पाणी आम्ही मोजून देऊ आणि वजा करू. वळवून ओढणारे, म्हणजे सायफनचे, प्रयोग चालतील, पण वरची टाकी वरच आहे, तेव्हा वेळ घालवू नका. सगळं साहित्य अलिबाग, पेण, महाड अशा बाजारात मिळणारं हवं, पावत्या जोडाव्यात, खर्च चार हजारांच्या आत. साखळी-दात्यांवर जाळी. यावर चर्चा नाही. पहिल्या वर्षी एका मुलाचं बोट थोडक्यात वाचलं, तेव्हापासून जाळी नसलेलं यंत्र आम्ही दारातूनच परत पाठवतो.

काही प्रश्न आलेत, ते घेतो.

पहिला प्रश्न: खेचून घेणारा पंप विहिरीच्या वर बसवला तर किती खोलीवरून पाणी येईल? सिद्धान्तानं सुमारे १०.३ मीटर, कारण पाणी पंप ओढत नाही, बाहेरची हवा ते वर ढकलते, आणि हवेचा दाब तेवढाच पेलतो. टॉरिचेल्लीनं हे १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्यावर दाखवलं. व्यवहारात सहा-सात मीटर धरा. आपल्या वाड्यांच्या विहिरी उथळ, म्हणून इथे सहसा अडत नाही.

दुसरा: भरती-ओहोटीवर चालणारं यंत्र का नाही घेत? चांगला प्रश्न आहे. खरं तर तुमच्या खाडीत ते आहेच. खारबंदिस्तीची उघाडी. बांधाला भोक, त्याला समुद्राच्या बाजूनं झुलती झडप. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्रच ती दाबून बंद करतो. साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी एकदा, माणसाशिवाय, विजेशिवाय. पंपातल्या झडपेचंच तत्त्व, फक्त दट्ट्या चंद्राचा. ती झडप कुजली किंवा मध्ये ओंडका अडकला की भातशेतीत खारं शिरतं. त्यावर वेगळी स्पर्धा घ्यावी असं आमच्या मनात आहे, पण दहा मिनिटांत भरती आणता येत नाही, म्हणून अजून अडलंय.

तिसरा प्रश्न काकांचाच आहे, ते पाठीमागे बसलेत. विचारतात, विहिरीला विश्रांती द्यायचा नियम का नाही? काका, ते यंदाच्या पत्रकात घातलं आहे. दहा मिनिटांऐवजी पाच-पाच मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात आम्ही फळीवरून शंभर लिटर गोडं पाणी पुन्हा घालणार. पहिल्या फेरीत किती काढायचं आणि किती ठेवायचं, ते संघानं ठरवायचं. गुण दोन्ही फेऱ्यांच्या शेवटच्या नमुन्यावर. हे जमतं का, हे मार्चमध्ये कळेल. पत्रकाच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. मीठ आणताना खडे मीठच आणा. बारीक मिठात घातलेल्या पुडीनं पाणी गढूळ होतं आणि फळीवर ओघळ दिसत नाही.